चोख काढलेली 'दादांची कृपा'

हसायचं असेल तर खुशाल हसा, फक्त हातातला चहा सांभाळा. केलं ते मी माझ्या हातांनी केलं आणि आजही छातीवर हात ठेवून सांगतो, काम चोख केलं. गाडीच्या रंगावर एक ओरखडा नाही! नडलं ते एवढंच, की काम फारच चोख झालं.

माझा टेम्पो तुम्ही पाहिलाय. निळा, म्हातारा, माझ्यासारखाच सावकाश. त्याच्या मागच्या फाळक्यावर पंधरा वर्षं लाल रेडियमची मोठी अक्षरं होती, 'दादांची कृपा'. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा. दादाने मला वाढवलं, मिठागराच्या बांधावर गाडी शिकवली. दुसरं काय लिहिणार होतो मी?

तर त्या उन्हाळ्यात दादाच्या नातवाचं लग्न ठरलं. हळदीच्या दोन दिवस आधी आमच्या विचुंब्याच्या नाक्यावर बॅनर लागला. केवढा? दोन मजली घराएवढा! त्यावर काके, मामे, मित्र, मित्रांचे मित्र. एका मित्राच्या कुत्र्याचाही फोटो, गळ्यात सोन्याची चेन घातलेला. मी बॅनर तीनदा बघितला. डावीकडून, उजवीकडून, मग चष्मा पुसून.

माझा फोटो नाही!

कुत्रा आहे आणि सख्खा भाऊ नाही?

तुम्ही म्हणाल, जाऊन विचारायचं. का विचारायचं? मी मागून घेतलेला मान मला नको. शिवाय मी बोलायला हळू. माझं एक वाक्य तोंडाबाहेर येईपर्यंत समोरचा चार बोलून मोकळा होतो. म्हटलं, बोलायचंच नाही. दादाने मला बॅनरवर घेतलं नाही, तर दादाही माझ्या गाडीवरून खाली उतरेल!

पनवेलला रेडियमवाल्याकडे गेलो. त्याला वाटलं, नवीन नाव लावायचंय.

"काढायचंय," मी म्हटलं.

"मग ब्लेड अजिबात लावू नका, काका. आधी गरम करा, मग टोक धरून हळूहळू सोला. घाई केलीत तर नावाबरोबर रंगपण हातात येईल."

घाई? आणि मी?

हळदीच्या दिवशी सकाळीच अंगणात बसलो. सुनेचा केस वाळवायचा ड्रायर घेतला, बँकेचं बाद झालेलं कार्ड घेतलं आणि बायकोची खोबरेलाची बाटली घेतली.

"अवो, ते तेल कुठं चाललं?" बायको दारातून ओरडली.

"दादाला काढतोय गाडीवरून."

"भांडण तुमच्या भावाशी, आणि तेल माझ्या डोक्याचं?"

मी ऐकलं नाही. एकेक अक्षर ड्रायरने तापवायचं, नखाने टोक उचलायचं, श्वास रोखून सोलायचं. 'कृपा' सहज सुटून आली. 'दादा' मात्र धरून बसला. पहिला 'दा' अखंड हातात आला तेव्हा तो जरा वेळ तळहातावर ठेवून बघितला, खोटं कशाला बोलू? पण थांबलो नाही. मागे राहिलेल्या चिकट डिंकावर तेल चोळलं, तो कार्डाने अलगद खरवडला, साबणाने फाळका धुतला. ओला फाळका असा लखलखत होता, जसा कालच कारखान्यातून आलाय. अक्षर म्हणून दिसत नव्हतं! म्हटलं, आता हा दादाच्या दारात उभा करायचा. वाळायचीही वाट बघितली नाही.

दादाच्या अंगणात मांडव भरलेला. मी टेम्पो उलटा आत घेतला, फाळका बरोबर मांडवाकडे येईल असा. सगळं लक्ष आरशात, मागचं चाक गटारात जाऊ नये म्हणून. मग सावकाश काच वर केली, सावकाश उतरलो, लेंगा झटकला. वाटेत वाक्य पाठ केलं होतं, 'दादा, वाच, तुझं नाव मी पुसून टाकलंय.'

"दादा," मी सुरुवात केली, "वाच..."

दादाने चष्मा चढवला आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं वाचलं, "दादांची कृपा!"

मी वळलो.

पंधरा वर्षांच्या उन्हाने सगळा फाळका पांढुरका पडलेला. अक्षरांखालचा रंग तेवढा कोराकरकरीत राहिलेला. फाळका ओला होता तोवर सगळं एकसारखं दिसत होतं. वाटेत ऊन लागलं, फाळका वाळला आणि 'दादांची कृपा' गडद निळ्या रंगात वर आली. कडा कशा, छापल्यासारख्या! ब्लेड लावलं असतं तर निदान चार ओरखडे तरी पडले असते.

"अगो बाय, लग्नासाठी नवीन केलं!" वहिनी म्हणाली.

"आजोबा, लय भारी! कुणाकडनं केलं?" नवरदेव.

"मी... ते..."

"स्वतः केलं?"

"हो, पण..."

मांडवात टाळ्या! सांगा, काय करायचं माणसाने?

"आणि आजोबा, तुमचा फोटो आवडला का?"

"कोणता फोटो?"

त्याने मला फाटकाबाहेर नेलं आणि वर बोट दाखवलं. कमानीवर मी. एकटा, पुरुषभर उंच, हात जोडलेला. खाली 'आपले स्वागत आहे'. मी माझ्याच फोटोखालून टेम्पो आत घातला होता!

"नाक्यावरच्या गर्दीत तुला कशाला घालू?" मागून दादा आला होता. "माझ्या दाराशी माझा भाऊ पायजे."

मी परत चष्मा पुसला. या वेळी नीट दिसावं म्हणून नव्हे.

पंगत बसली, सगळे तिकडे पांगले. दादा मात्र टेम्पोपाशी गेला. त्याने फाळक्यावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. खोबरेल! साबणाने धुऊनही वास गेला नव्हता.

"बाला, खरं सांग. तू काढलंस ना?"

मी म्हातारा आहे, भित्रा नाही. मान ताठ केली.

"काढलं! आणि परत असा बॅनर लावशील, तर परत काढीन!"

दादाने त्या निळ्या अक्षरांवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"परत काय काढशील रे? आता काढायला काय उरलंय?"