भांडण मराठीतच

आमच्या वसुंधरेला मराठी मंडळात कधी कुणी बोलायला सांगितलं नाही. पाहुण्यांना कुंकू लावायचं, पोह्यांवर शेव भुरभुरायची आणि पुढे भाषणं रंगली की मागे चहाचं बघायचं. मी तिचा नवरा, श्रीकृष्ण. मला यात काही खटकायचं नाही, कारण घरी ती पुरेसं बोलते. पण एकदा तरी आपलंही कुणी ऐकावं, असं तिच्या फार मनात होतं.

यंदा आसपासच्या मराठी मंडळांचं संमेलन आमच्या इंदूरला, शहराबाहेर राऊ गावातल्या एका कॉलेजात भरलं. दोन दिवस भाषणंच भाषणं. मध्ये फक्त तासभर 'खुली चर्चा'. ही कल्पना पुण्याहून इथे नोकरीला आलेल्या शलाकाची. ज्याला जो विषय सुचेल तो त्याने फळ्यावर लिहायचा आणि खुर्च्यांचा गोल करून बसायचं. ज्यांना रस असेल ते येतील. "आणि कंटाळा आला तर बिनधास्त उठून दुसऱ्या गोलात जा," ती म्हणाली.

सगळ्यांच्या आधी वसुंधरेने मार्कर उचलला आणि लिहिलं, 'घरातलं भांडण मराठीतच व्हावं.' मी कपाळावर हात मारला.

पण शलाकाला इंदूर अजून कळलं नव्हतं. इथे बोलणाऱ्या माणसासमोरून उठून जायचं म्हणजे भरसभेत त्याचा अपमान करायचा. माजी अध्यक्ष प्रतापराव 'मंडळाच्या घटनेतील दुरुस्त्या' हा विषय घेऊन नेमके कूलरसमोर बसले. कूलर बघून बाकीचे तिथेच बसले, मीही बसलो आणि अडकलो. निम्म्यांचे डोळे मिटले, पण उठलं कुणी नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला वसुंधरा रिकाम्या खुर्च्यांमध्ये एकटीच, पदर सावरत बसली होती. मला भारी वाईट वाटलं. तरी बूड हलेना.

मग ती तिथूनच गरजली, "अहो! बायकोपेक्षा घटना महत्त्वाची आहे का?"

मी ओशाळलो. "अगं, हळू! प्रतापरावजी बोलतायत."

"जन्मभर बोलतायत ते! तुम्हाला उठायला काय होतं?"

माझाही पारा चढला. "देख वसुंधरा, सबके सामने तमाशा मत कर!"

"बघा!" ती टाळी वाजवून उभी राहिली. "राग आला की हे सरळ हिंदीत! हाच माझा विषय!"

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. आणि भाषणातून उठणं असभ्य असलं, तरी भांडण बघायला उठणं इंदुरात मुळीच असभ्य नाही. खुर्च्या ओढत सगळे तिकडे धावले. परदेशीपुरा मोहल्ल्यातला अरविंद म्हणाला, "भाभीजी, आमची ही तर मालवी बोलीत झापते. मला जवाबच सुचत नाही, श्रीकृष्णभिया!" मग जोडप्याजोडप्यांनी मराठीत भांडायचा सराव सुरू केला. शेवटी प्रतापरावही आले आणि "मी कुणाशी भांडू?" म्हणून विचारू लागले.

तास संपल्यावर प्रत्येक गोलातल्या एकाने मंचावर येऊन चार शब्द सांगायचे होते. वसुंधरा माइकपाशी गेली, भरलेला हॉल बघितला आणि तिची बोलतीच बंद झाली. इकडे माझा जीव खालीवर. न राहवून मी ओरडलो, "अगं, बोल ना! घरी कशी थांबत नाहीस!"

"तुम्ही गप्प बसा हो!" ती माइकवरून कडाडली. "आत्ता मी बोलतेय!"

आणि बोलली. इतक्या आनंदाने मी जन्मात कधी गप्प बसलो नव्हतो.