फर्स्ट क्लासमधला आग्रह

वर्ध्याजवळच्या आंजी गावात बाबांचं गुरांच्या सरकी-ढेपेचं दुकान होतं, आणि त्या दुकानाच्या गादीवर ते काही वर्षं एका बड्या विमान कंपनीचा नाइट ड्रेस घालून बसत. राखाडी रंगाचा, मऊसूत, छातीवर कंपनीचं चिन्ह. गिऱ्हाइकांना वाटे, ढेपेच्या कारखान्यानं दिवाळीला वाटला असेल. बाबांनी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

हा ड्रेस फर्स्ट क्लासमध्ये फुकट मिळतो. आता आमच्यासारखी माणसं फर्स्ट क्लासमध्ये कशी, तर दादामुळे. तो अमेरिकेत, आणि नोकरी अशी की आठवड्यातले निम्मे दिवस हवेत. इतकं फिरलं की विमान कंपन्या गुण देतात. दादाला शाळेत जेवढे गुण कधी मिळाले नव्हते तेवढे तिथे मिळाले, आणि ते त्यानं बाबांवर उधळायचं ठरवलं. आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात दोन तिकिटं आली, एक बाबांचं आणि एक माझं. मी वर्ध्याच्या शाळेत शिकवते, सुट्टीत मोकळी असते, आणि बाबांना इंग्रजी येत नव्हतं. थोडक्यात, बाबांच्या सामानात माझी गणना होऊन मी फर्स्ट क्लासला लागले. वर्ध्याहून मुंबईपर्यंत मात्र आम्ही स्लीपरमध्ये, पायाशी दुसऱ्यांच्या गाठोड्यांसकट गेलो.

आई गेल्यापासून घरात एकच प्रश्न फिरत होता, तो म्हणजे बाबांनी आता राहायचं कुठे. आम्ही निघताना गावातले लोक बाबांना विचारत, "आता वापस येत नाई का जी?" बाबा म्हणत, "पाहू, पोरगा काय म्हणते तं." पोरगा काहीच म्हणत नव्हता, नुसती तिकिटं पाठवत होता. मला विचाराल तर बाबा आंजीतच हवे होते. रविवारी एसटीत बसलं की माहेर, हे सुख मला सोडायचं नव्हतं.

पहिल्या खेपेचं विमान युरोपातल्या एका कंपनीचं होतं. खुर्चीला इतकी बटणं होती की मी एक दाबलं आणि सपाट आडवी झाले. उठायचं बटण सापडेना. मी छताकडे बघत चाचपडत असताना शेजारी हवाई सुंदरी जेवण घेऊन आली. बाबांनी ताटावर हात धरावा तसा हवेत हात धरून म्हटलं, "नो, नो." ती गोड हसली आणि सगळं घेऊन निघून गेली.

मी उभी, म्हणजे बसती, होईपर्यंत बाबा मांडीवर हात ठेवून सुन्न बसले होते.

"एक डाव नाई म्हटलं तं घेऊनच गेली! हे काय वाढणं झालं?"

"थांबा, मी बोलावते."

"काई गरज नाई. मांगून खाऊ का मी?"

आणि माझ्या पिशवीतल्या चिवड्यावर त्यांनी समुद्र ओलांडला. चांदीच्या झाकणाखालचं जेवण भोवती फिरत होतं आणि आमच्या खुर्चीतून शेंगदाणे चावल्याचा आवाज येत होता.

ज्यांनी आमच्याकडच्या पंगती पाहिल्या नाहीत त्यांना हे कळणार नाही. पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा माणूस हावरा. पहिलं 'नाही' रीतीचं असतं. दुसरं 'नाही' म्हणताना माणूस पोटाचा अंदाज घेत असतो. तिसऱ्यांदा जे तोंडातून निघेल ते खरं. म्हणून वाढणाऱ्यानं तीनदा विचारायचंच, नाहीतर त्याला वाढायला उभं करू नये. बाबा तर त्यातले उस्ताद होते. आंजीच्या लग्नांत त्यांना मुद्दाम वाढायला बोलावत. पत्रावळीवर आडवा धरलेला हात त्यांनी कधी मानला नाही. पाटवडीचा रस्सा सरळ त्या हातावर ओतत, आणि हाताचा मालक हसत हसत तो चाटत असे.

तेव्हापासून बाबा विमान कंपन्यांना आग्रहावरून नंबर देऊ लागले. खुर्ची किती लांब होते, दारू कुठली देतात, टीव्ही केवढा, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. युरोपवाले नापास झाले. "शिकलेले हायेत, पण कोरडे," असा शेरा मिळाला. मी सुचवलं की बाबा, पहिल्यांदाच हो म्हणा की, कोण बघतंय इथे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं विमान येईपर्यंत मी गप्प होते.

दुसऱ्या खेपेला पूर्वेकडच्या देशातली कंपनी. तिथली मुलगी बाबांसमोर चक्क गुडघ्यावर बसून विचारू लागली. बाबा दचकून उभेच राहिले, तिला हात जोडले. "उठ माय, उठ. असं करू नाई." ती उठेना, हे बसेनात. शेवटी मी दोघांच्या मध्ये पडले. पण तिनं दोनदा विचारलं होतं, हे बाबांनी लक्षात ठेवलं. "दोन डाव! सुधरून राह्यले," ते मला खुशीत म्हणाले. चीजची ढकलगाडी आली तेव्हा मात्र वासानं त्यांनी पहिलंच 'नाही' खरं म्हटलं. आयुष्यातलं तेवढं एकच असावं.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती गोष्ट झाली. परत निघायच्या आदल्या संध्याकाळी दादाच्या घरी जेवायला बसलो होतो. दादा भाजी घेता घेता म्हणाला, "बाबा, आता इकडेच राहा ना कायमचे."

माझा घास तसाच राहिला. बाबा ताटात बघत म्हणाले, "नाई रे बाप्पा. मले काय करायचं इथं."

"ओके," दादा म्हणाला. "तुम्हाला बरं वाटेल तसं."

मी दादाकडे बघत राहिले. आता पुन्हा विचारेल, आता विचारेल. दादा उठला आणि भांडी मशीनमध्ये लावू लागला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. इतकी वर्षं तिथे राहून तो तिथल्या लोकांसारखा, एकदाच विचारणारा वाढपी झाला होता, एवढंच. बाबांचा हात बराच वेळ ताटावर होता.

परतीचं विमान आखाती कंपनीचं होतं. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. जेवण आलं, त्यांनी मान हलवली. वाढणारी मुलगी गेली आणि दुसरं काही घेऊन आली. "नो." ती पुन्हा आली, या वेळी खजूर आणि वाफाळती कॉफी घेऊन, आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "थोडा सा, अंकल. मेरे लिए." बाबांनी खजूर उचलला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती पोरगी घाबरून माझ्याकडे बघू लागली.

"परकी पोरगी तीन डाव विचारते," ते म्हणाले. मला रडू आलं आणि दादाचा भयंकर रागही आला.

मधल्या विमानतळावर आम्हा बड्या लोकांसाठी वेगळी बैठक होती. कोपऱ्यात फुकटचा फोन. मी दादाला लावला आणि हलक्या आवाजात त्याला झाडलं. "गाढवा, आंजी विसरलास? एकदा विचारून भांडी घासायला जातोस? विचार त्यांना. नाही म्हणाले तरी विचार." मग बाबांना हाक मारली, "दादाचा फोन आलाय!"

"आपण इथं हाओ, हे त्याले कसं समजलं?"

"अमेरिकेत सगळं समजतं."

बाबांनी फोन कानाला लावला. "हाव, बोल... नाई रे बाप्पा." थोडं थांबून, "नाई नाई, दुकान कोण पाहीन?" मग ते नुसते ऐकू लागले. दादा तिकडे बराच बोलत असावा. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. ही आग लावली मी, आणि तिसऱ्यांदा ते हो म्हणाले तर?

"नाई," बाबा म्हणाले. आवाज एकदम मोकळा होता. "आता खरं सांगतो, नाई. मी आंजीचा माणूस हाओ. पण तू विचारलं, लय बरं वाटलं."

फोन ठेवून ते आले, माझ्यासमोरची मिठाईची बशी आपल्याकडे ओढली आणि खायला लागले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

"त्याले तू सांगतलं," ते म्हणाले.

मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

"लय हुशार हायेस. पण तू तं मले एक डावबी नाई विचारलं, वर्ध्याले येता का म्हणून."

माझी हुशारी तिथेच जिरली. दोन तिकिटांवर तीन उन्हाळे त्यांच्याबरोबर जग फिरले होते, आणि घरापासून एसटीच्या अंतरावरचा प्रश्न मला सुचला नव्हता.

"बाबा, माझ्याकडे राहायला येता?"

"नाई वो. जावयाच्या घरी कायले."

"या ना, बाबा."

"नाई म्हटलं ना."

मी मिठाईची बशी बाजूला सारून तिसऱ्यांदा विचारलं. बाबांनी बोटाला लागलेला पाक पुसला.

"पावसाळ्यापुरता येतो," ते म्हणाले. "पण नाश्त्याले एकच डाव विचारशीन, तं दुसऱ्या दिवशी आंजीची एसटी पकडीन."