पेवावरचा हौद

आमच्या घरात दोन गोष्टींवर वाद घालायचा नसतो, एक सासऱ्यांचा शब्द आणि दुसरी ईशान्य दिशा. पाणी ईशान्येलाच हवं, म्हणून काँक्रीटचा नवा हौद परसातल्या ईशान्य कोपऱ्यात बांधला. तिथं पूर्वी पेव होतं, जमिनीखाली ज्वारी साठवायचा खोल खड्डा. माझ्या लग्नाआधीच तो माळवदाची माती, राख आणि दगडगोटे टाकून बुजवला होता. त्यामुळे हौद अर्धा घट्ट मुरमावर आला आणि अर्धा त्या भरावावर. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दिशा बरोबर असली की जमिनीला कोण विचारतो!

दुसऱ्या उन्हाळ्यात पेवाकडची बाजू खचली आणि भिंतीला तिरका तडा गेला, वर रुंद, खाली निमुळता. गवंड्याला बोलावलं. त्यानं तडा खरवडून सिमेंट भरलं, वरून चुन्याचा हात मारला. आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. बसत होती जमीन आणि आम्ही लिंपत होतो भिंत. थोड्याच दिवसांत तडा चुन्यातून पुन्हा वर आला, तोही ओलसर.

हौद गेला तर जाऊ दे, मला त्याचं काही नव्हतं. पण त्या भिंतीच्या सावलीत आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज दुपारी पाठ टेकून वाती वळत बसायच्या. त्यांच्या पाठीमागं काठोकाठ भरलेला हौद. मी आत भाकरी थापायची, पण जीव सगळा टांगणीला. मधेच उठून बघून यायची, परत यावं तर तव्यावरची भाकरी करपलेली.

तडा वाढतोय की नाही हे कळावं म्हणून त्याच्या खालच्या टोकावर मी एक टिकली चिकटवली. काही दिवसांत तडा टिकलीच्या खाली उतरला. मी ती काढून पुन्हा टोकावर लावली.

"हौदाला सवाष्ण केलीस व्हय गं?" आत्या हसल्या.

मला हसू येईना. "आत्या, तुम्ही इथं बसू नका. किती वेळा सांगू?"

"आगं, लई गार लागतंय पाठीला."

सासऱ्यांना, म्हणजे मामांना, हौद रिकामा करू या म्हटलं, तर ते म्हणाले, "शिमीट हाय, तडकणारच. बोअर उचक्या द्यायलाय आन् टँकरचं पाणी मातीत सोडू म्हणतीस?" नवरा सोलापूरला नोकरीला. फोन केला तर म्हणाला, "दादांना विचार." म्हणजे पुन्हा मामांनाच. मग मी कुणालाच विचारायचं सोडून दिलं. रागानं भांडी मात्र जोरात आपटायची.

एका दुपारी आत्या चहाला आत आल्या, तेव्हा त्यांचं लुगडं पाठीवर भिजलेलं दिसलं. त्यांना वाटलं घाम. मी हात लावून बघितला तर पाणी गार होतं. तशीच परसात गेले, पदर हाताला गुंडाळला आणि हौदाच्या तळाचा व्हॉल्व्ह फिरवून मोकळा केला. पाणी धो धो गल्लीपर्यंत गेलं. बायका घागरी घेऊन धावल्या. मामा पारावरून आले, बघितलं आणि माघारी गेले.

संध्याकाळपर्यंत हौद कोरडा झाला. भिंत होती तिथंच उभी, एक कपचीसुद्धा पडली नाही. शेजारीण म्हणाली, "कुठं पडली गं भिंत?" मला रडू फुटलं. नसती पडली तर? ऐन वैशाखात घरचं पाणी मीच घालवलं, असंच सगळे म्हणणार होते.

सकाळी चहालाही पाणी नव्हतं. मामांनी जन्मात कधी घागर उचलली नव्हती, ते शेजारच्या बोअरवरून खांद्यावर घागर घेऊन आले. आत्या पुन्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या. मामा स्वयंपाकघराकडे न येता थेट त्यांच्यापाशी गेले.

"ऊठ तिथनं."

"अवं, आता तर रिकामाच हाय की."

"ऊठ म्हणतो न्हवं." घागरीतलं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडत होतं, तरी ती खाली ठेवायचं त्यांना सुचेना. "रोज दुपारी पारावर बसतो, पर कान समदा हिकडंच असतोय माझा."