गोष्ट सांग, चादर घे

जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. आम्ही संस्थेतल्या मुली एकत्र बसलो की शिव्या सुचतात! धुळ्याची ती अनाथ मुलींची संस्था सोडून कैक वर्षं झाली, कुणाकुणाला नातवंडं झाली, तरी एकीचा किस्सा संपायच्या आत दुसरीला आठवतोच. परवा कुणीतरी मला म्हणालं, "किती सोसलंत हो तुम्ही!" हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सोसलं कसलं? सोसायला लावलं!

माझे वडील सोनगीरजवळ आग्रा रोडवर खडी फोडायचे. तिथंच ट्रकखाली गेले. मागोमाग आई तापाने गेली. काकाने मला संस्थेत आणून सोडलं, तेव्हा मी दुसरीत होते.

दरवर्षी दिवाळीआधी एक शेठजी चादरी वाटायला यायचे. त्या वाटपाचा कार्यक्रम ठरलेला. आधी स्वागतगीत. मग एका मुलीने उभं राहायचं, आपले आईबाप कसे वारले ते सांगायचं आणि रडायचं. गोष्ट संपली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग गठ्ठ्यातली सगळ्यात वरची चादर त्या मुलीला, आणि नंतर बाकीच्यांना.

माझी गोष्ट एकदम हिट! ट्रक होता ना! माझी मैत्रीण विमल जळायची. तिचे वडील साध्या काविळीने गेलेले.

"तुझं बरंय बाई," ती म्हणायची. "काविळीला कोण रडतं?"

*

एका वर्षी मला रडूच येईना. पाठ झालेल्या कवितेला कुणी रडतं का? आमच्या सुपरिंटेंडेंट, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्यांनी आदल्या दिवशीच माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. "उद्या नाक कापशील माझं!"

स्वयंपाकाच्या गोदाक्काने हे पाहिलं. सकाळी तिने मला अर्धा चिरलेला कांदा दिला. "हाई रडानं काम शे, पोरी. कांदा ले!"

विमलने ऐकलं, तिनेही घेतला. मग काय, सगळ्या ओळीने घेतला! शेठजी रडले, शेठाणी रडल्या, फोटोवाला डोळे पुसत बसला. त्या वर्षी चादरींच्या जोडीला ब्लँकेटं मिळाली.

पुढच्या दिवाळीला मोठ्या बाईंनी स्वतःच विचारलं, "गोदाक्का, कांदे आहेत ना?"

*

एकदा मुंबईहून एक बाई आल्या, समाजकार्य शिकलेल्या. आम्ही सवयीने ओळीत उभ्या राहिलो. त्यांनी कुणाचीही गोष्ट विचारली नाही. आमची नावं विचारली आणि मोठ्या बाईंना म्हणाल्या, "मुलींच्या संडासाला दार का नाही?"

आठवड्यात दार लागलं. आपण हेच शिकायचं, असं मी त्या दाराआड बसून ठरवलं. हसू नका, खरंच तिथंच ठरवलं!

मॅट्रिकला फर्स्ट क्लास आला. सत्कारात कमिटीतल्या एका नानांनी शिवणयंत्र जाहीर केलं. मी म्हटलं, "मला यंत्र नको. कॉलेज करायचंय, पुढे समाजकार्य शिकायचंय."

"एवढं शिकून करणार काय तू?"

"मोठ्या बाईंच्या खुर्चीत बसणार. आणि पोरींना चिमटे काढणाऱ्यांना घरी पाठवणार!"

काडकन मोठ्या बाईंची मुस्काटात बसली, सगळ्यांसमोर. यंत्र विमलला गेलं. त्यावर तिने पहिला ब्लाउज माझ्यासाठी शिवला. तो घालूनच मी जळगावच्या कॉलेजात गेले.

*

जळगावला मेहरूणमध्ये एका घरी राहायला मिळालं. राहणं-जेवण फुकट, बदल्यात धुणंभांडी. माझी जात कळली त्या दिवशी माझा कप कपाटातून निघाला आणि मोरीजवळच्या कोनाड्यात गेला. तो मलाच विसळायचा होता.

एकदा पाहुण्या आल्या. घरच्या काकू माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणतात कशा, "हिला आम्ही अगदी मुलीसारखं वागवतो हो!"

मी उठले, त्यांच्या लेकीचा कप कपाटातून काढला आणि कोनाड्यात माझ्या कपाशेजारी ठेवला. म्हटलं, "मुलीसारखंच ना? मग दोघींचे एका जागी राहू देत."

संध्याकाळी माझी ट्रंक रस्त्यावर! तरी बी.ए. केलंच. कुठं कुठं राहिले ते विचारू नका.

*

मग समाजकार्याच्या कॉलेजचा इंटरव्ह्यू. टेबलापलीकडे तिघं. त्यातले एक सर मान तिरकी करून म्हणाले, "तुमचं बालपण फार कष्टात गेलेलं दिसतं. सांगा ना जरा."

तोच शेठजींसारखा आवाज! माझं डोकंच फिरलं. "आधी तुम्ही सांगा. प्रवेश देणार आहात की चादर?"

नापास. 'उमेदवार फार रागीट' असं कळलं. वर्षभर फैजपूरच्या शाळेत मास्तरकी केली आणि पुन्हा जाऊन तिथंच बसले. ह्या खेपेला टेबलामागे एक वयस्कर प्राध्यापिका होत्या.

"राग गेला का?"

"नाही. वाढलाय."

"मग त्याचं काय करायचं ठरवलंय?"

"तेच तर शिकायला आलेय!"

त्यांनी हसून माझ्या नावापुढे खूण केली. बाहेर येऊन मी खरंखुरं रडले, कांद्याशिवाय.

*

दुसऱ्या वर्षी फील्डवर्कला कुठं पाठवावं मला? धुळ्याला, त्याच संस्थेत! मोठ्या बाई त्याच, खुर्ची तीच. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "कमल, तुझा रिपोर्ट माझ्या हातात आहे. वाईट गेला तर तुझी डिग्री गेली. तोंड बंद ठेवायचं." मी ठेवलं. दात आवळून ठेवलं.

दिवाळी आली, शेठजी आले. आता पार म्हातारे, काठी टेकत. स्वागतगीत झालं. मोठ्या बाईंनी शांता नावाच्या नव्या, चिमुरड्या पोरीला उभं केलं. तिला शब्द फुटेना. नुसती फ्रॉकचं टोक पिळत राहिली. बाईंचा हात हळूच तिच्या दंडाकडे गेला.

शेठजी प्रेमाने म्हणाले, "बोल बेटा, घाबरू नको. तुझे वडील कसे वारले?"

मी उठले.

"कमल, खाली बस!" बाई दातांतून म्हणाल्या. "रिपोर्ट विसरलीस?"

"नाही विसरले." मी शेठजींकडे वळले. "शेठजी, पोर नवीन आहे, तिला सवय नाही. आधी तुम्ही करून दाखवा. तुमचे वडील कसे वारले?"

शेठजींनी काठी घट्ट धरली. मला वाटलं, आता काठी उगारतात. मग बसक्या आवाजात म्हणाले, "मी हिच्याएवढाच होतो. मारवाडातून येत होतो, रेल्वेने. बापूजींना ताप होता. भुसावळला त्यांनी मला केळी घेऊन दिली. एक सोलून हातात दिलं... आणि..."

पुढे बोलता येईना. त्यांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. कांदा नव्हता काही.

गोष्ट संपली, असं पोरींना वाटलं. शिकवल्याप्रमाणे सगळ्या ओळीने टाळ्या वाजवल्या.

आणि शांता चादरींच्या गठ्ठ्याकडे गेली, सगळ्यात वरची चादर उचलली आणि शेठजींच्या मांडीवर नेऊन ठेवली.