एक कोयता पाहिजे

माझ्या बायकोला माझ्यापेक्षा चांगला अभिनय येतो. हे वाक्य तोंडातून बाहेर पडायला मला सात वर्षं लागली. आता पडलंच आहे तर ऐकून घ्या, पुन्हा काही मी म्हणणार नाही.

मी उत्तरेश्वर. चकलांब्याजवळच्या वस्तीवरचा. बायको शिवकन्या. दिवाळी झाली की आम्ही दोघं ऊसतोडीला जायचो, उन्हाळा लागला की परत यायचो. असे सोळा हंगाम झाले. पण नाटकाचं वेड त्याच्याही आधीचं. आमच्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन मोहनराव मोठे हौशी. गळीत संपलं की कारखान्याच्या मैदानावर दरवर्षी नाटक बसवायचे. एकदा मी त्यांच्यासमोर मुकादमाची नक्कल केली. मोहनराव पोट धरून हसले आणि म्हणाले, "ह्या गड्याच्या आवाजात दम हाय." त्या एका वाक्यावर मी दहा वर्षं काढली. कधी खलनायक, कधी राजा, एकदा तर देवसुद्धा झालो. गावात मला मास्तर म्हणायला लागले. आणि शिवकन्या? ती मागं बसून माझ्या धोतराला टाके घालायची. तेव्हा सगळं ठीक होतं बघा.

मग दोन हजार बाराचा दुष्काळ आला. ऊसच नाही तर कारखाना कशाचा आणि नाटक कशाचं! मोहनरावांच्याच दूध संस्थेनं गुरांची छावणी उघडली. आसपासच्या गावांची माणसं आपापली जनावरं घेऊन तिथंच राहायला आली. मोहनराव मला म्हणाले, "मास्तर, बसल्या बसल्या लोकांची डोकी फिरायलीत. पाणी जपून वापरायचं एखादं नाटक दाखवा." मी दोन दिवसांत नाटक लिहिलं. त्यात एक सून होती. बाईचं काम आमच्यात धोंडीराम करायचा. पदर ओढून घेतला की त्याच्या मिशा दिसत नसत, निदान लांबून तरी. छावणीत मात्र बाया अगदी पुढ्यात बसलेल्या. पदर सरकला आणि केसरबाई नावाची म्हातारी ओरडली, "आगं बया, हिला मिशा हायत की!" झालं. म्हशीसुद्धा हसल्या असतील. नाटक तिथंच बुडालं.

दुसऱ्या दिवशी मी शिवकन्येला उभी केली. "माझ्यानं न्हाई व्हायचं," ती म्हणाली. मी म्हटलं, मी शिकवतो ना! चार दिवस घशाला कोरड पडेपर्यंत शिकवलं. आवाज पोटातून काढ, हात असा उचल, रिकामी घागर बघितली की ऊर बडवून रड. ती सगळ्याला मान हलवत होती. आणि प्रत्यक्षात ह्या बाईनं त्यातलं एकही केलं नाही. घागर खाली ठेवली, आत वाकून बघितलं, आणि सासूला आता काय सांगायचं ह्या काळजीत नुसती बसून राहिली. रडणं नाही, बडवणं नाही. पुढून केसरबाई म्हणाली, "बस गं माय, दम घे जरा." तिला हे नाटक आहे याचा विसर पडला होता. मी बाजूला माझं पानभर भाषण तोंडात धरून उभा. माझ्याकडं बघायला एक माणूस तयार नाही. माझ्या पोटात दुखायला लागलं ते त्या दिवसापासून.

पुढं पाऊस झाला, तरी दूध संस्था काही सावरली नाही. तिची खोली रिकामीच होती. मी मोहनरावांकडून ती मागून घेतली आणि बाहेर पाटी लावली, 'उत्तरेश्वर अभिनय वर्ग'. शाळांची गॅदरिंग, गणपतीचे कार्यक्रम, ह्यांच्यासाठी पोरं-पोरी येऊ लागल्या. मी शुद्ध बोलायला शिकवायचो. "न्हाई नव्हे, नाही म्हणा!" म्हणून टेबलावर हात आपटायचो. शिवकन्या झाडायला यायची. झाडता झाडता एखादीला सांगायची, "रडू नगं. रडू आलं हाय आन ते दाबायचंय, तसं कर." पोरगी तसं करायची आणि सगळा वर्ग गप्प व्हायचा. हळूहळू पोरं माझा तास चालू असताना दाराकडं बघायला लागली. पाटी माझी, टेबल माझं, आणि नजर झाडूवालीकडं!

एकदा गेवराईच्या एका शाळेतून फोन आला. "गॅदरिंग बसवायला बाईंना पाठवता का?"

मी विचारलं, "आणि सर?"

"सर आले तरी चालतील."

चालतील! दहा वर्षं राजाचं काम केलेला माणूस मी, आणि मी चालतील! त्या दिवशी मी ताप आला म्हणून पांघरूण घेऊन पडलो. खोटं कशाला बोलू, त्याहून वाईट धंदेही केले. नेकनूरच्या शाळेनं तिला बोलावलं तेव्हा बस चुकावी म्हणून मी पहाटे म्हशीचं दावं सोडून दिलं. वाटलं, बसेल शिवारभर शोधत. म्हैस एवढी बेइमान की शिवकन्येच्या मागं मागं थेट बसथांब्यापर्यंत गेली. बाई वेळेवर बसमध्ये, आणि मी भर गावातून म्हैस ओढत घरी. धोंडीराम अजून तो किस्सा सांगतो.

मग अठरा सालचा दुष्काळ पडला आणि त्याच साली पुण्याची सिनेमावाली माणसं आली. ऊसतोडीवर सिनेमा काढायचा होता. गोदाकाठी ज्यांच्या विहिरीला पाणी होतं, तेवढाच ऊस तालुक्यात उभा होता. गेवराईचा रामहरी जीपवाला त्यांची इथली कामं बघायचा. त्यानं आमच्या वर्गात येऊन आम्हा दोघांचं मोबाईलवर शूटिंग करून पाठवलं. मी दरबारातलं भाषण केलं, मोबाईल हलला एवढा आवाज काढला. शिवकन्येनं पायातला काटा काढून दाखवला, बस्स. पंधरा दिवसांनी निरोप आला की तोडणीवाल्याच्या बायकोचं काम शिवकन्येला. माझ्याबद्दल चकार शब्द नाही. तिच्या नवऱ्याचं काम कोण करणार, त्याबद्दलही नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. आमटीत मीठ कमी, मीठ जास्त, भाकरी जाड, चहा गार. ती एका शब्दानं बोलली नाही, त्यानं तर मी आणखीच पेटलो. नवऱ्याचं काम मला मिळालं तर ठीक, नाहीतर गावात तोंड कसं दाखवायचं, एवढंच डोक्यात.

आणि रविवारी रामहरीचा फोन. "मास्तर, उद्या सात वाजता उसाच्या फडावर या. साहेब म्हनले, सीनला एक कोयता पाहिजे."

आता आमच्या तोडणीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम टोळी जमवताना विचारतो, किती कोयते आले? एकटाच गडी आला तर तो अर्धा कोयता. एक कोयता पाहिजे म्हणजे आम्ही दोघं पाहिजेत! नवऱ्याचं काम मलाच! मी अख्ख्या गावात फिरून सांगितलं. धोंडीरामला म्हटलं, तूही चल बघायला. दाढी केली, केस काळे केले.

शिवकन्या म्हणाली, "एकदा फोन करून इचारून घ्या."

मी फाडकन म्हटलं, "कावून? तुझ्या पोटात कावून दुखायलंय?"

हे मी तिला म्हटलं बरं का. मी!

सकाळी फडावर गेलो. एक चष्मेवाली पोरगी हातात वही घेऊन आली. "शिवकन्याताई, आलात? छान. आणि कोयता?"

मी छाती काढून पुढं झालो. "हा काय, आलो की."

तिनं माझ्या हातांकडं बघितलं. मग माझ्या मागं बघितलं. "कुठंय?"

"अहो, एक कोयता म्हटलात ना? ही आणि मी. एक कोयता."

रामहरीनं मान खाजवत तोंड फिरवलं. पोरगी बिचारी भली होती, हळूच म्हणाली, "दादा, ऊस तोडायचा कोयता हवा होता. आमचा पुण्यात राहिला." पहिल्यांदा धोंडीराम हसला. मग सगळेच. खुर्चीत एक उंच गोरा माणूस मुद्दाम फाडलेला सदरा घालून केळं खात बसला होता. शिवकन्येचा नवरा तो होता.

शेजारच्या फडातून मी कोयता मागून आणला. हो, मीच आणला. हिरोनं तो असा धरला की भाजी चिरणाऱ्यालाही लाज वाटावी. डायरेक्टर मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही अभिनय शिकवता ना? ह्यांना तयार करा की." म्हणजे माझ्या बायकोचा नवरा व्हायला मी दुसऱ्याला शिकवायचं! अंगाची लाहीलाही झाली. खोटं नाही सांगत, मी त्याला ऊस वरून तोडायला शिकवणार होतो. बुडख्याला न तोडता वर तोडणाऱ्याला कुठला मुकादम टोळीत घेत नाही. सिनेमा लागला की सगळा जिल्हा हसला असता. पण मग वाटलं, लोक विचारतील, शिकवलं कुणी? आणि नाव माझं निघेल. म्हणून नीट शिकवलं. वाकायचं कसं, पाचट सोलायचं कसं, मोळी बांधायची कशी. दहापर्यंत गडी बऱ्यापैकी तयार झाला.

मग त्यानं विचारलं, "मास्तर, तिच्या डोक्यावर मोळी दिल्यावर मी काय करू? नुसता उभा राहू?"

मी विचार केला. खरंच मन लावून केला, कारण शिकवण्यात मी कच्चा नाही. म्हटलं, "मोळी दिली की लगेच हात काढायचा नाही. वजन धरून तिच्याबरोबर दोन पावलं जायचं. मग तिच्या मानेला चिकटलेलं पाचट काढायचं आणि म्हणायचं, हळू. एवढंच." सांगून झाल्यावर मलाच वाटलं, वा उत्तरेश्वरा!

त्यानं जसंच्या तसं केलं. दोन पावलं गेला, मानेवरचं पाचट काढलं, म्हणाला, "हळू." आणि शिवकन्या डोक्यावर मोळी घेऊन थांबली. थांबायचं ठरलेलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. त्याच्याकडं न बघता ती तशीच चालू लागली. बराच वेळ कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही. डायरेक्टरनं येऊन माझा हात धरला. "मास्तर, हे कुठून आणलंत?"

"घरचंच आहे," मी फुगून म्हणालो. शिवकन्या तिथंच मोळी खाली ठेवत होती.

दिवसभर लोक तिचं कौतुक करत होते आणि मला आतून कुणी खरडत होतं. सहा वर्षं मी तिच्यासमोर उभा राहून ओरडलो, रडलो, मेलो. माझ्यासमोर तिचे डोळे कधी भरले नाहीत. आणि हा केळं खाणारा, काल आला आणि आज रडवून मोकळा!

ऊन उतरल्यावर मोटारसायकलवर घरी निघालो. अर्ध्या वाटेत मला राहवलं नाही. कचकन ब्रेक दाबला.

"त्या पुण्याच्यात असं काय व्हतं गं? का आलं तुझ्या डोळ्यात पाणी?" माझं शुद्धबिद्ध सगळं गेलं होतं.

ती मागं बसूनच म्हणाली, "त्यो हळू म्हनला."

"आगं, मी शिकवलं ते! मी!"

"ते ठाव हाय मला. त्येच इचारायचंय सकाळपसून." ती खाली उतरली, समोर येऊन उभी राहिली. "येवढं चांगलं येत व्हतं तुमाला. सोळा हंगाम मोळ्या दिल्या माझ्या डोक्यावर. मग एकदाबी कावून म्हनला न्हाईत?"

मी गाडी बंद केली. तिनं पदर खोचला आणि ती गावाकडं चालायला लागली. मी गाडी हातानं ढकलत तिच्या मागं मागं निघालो.