मावशीची दुसरी काच

एकोणिसाव्या वर्षी मी इतकी हुशार होते की माझ्याशी बोलताना लोक जांभया द्यायचे. पार्ल्याच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते आणि घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत राहत होते. त्या वस्तीत ‘सूक्ष्मजीवशास्त्र’ हा शब्द न अडखळता म्हणणारी मी एकटीच, याचाच केवढा माज.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने काम दिलं: आपल्या भागातल्या लोकांना शास्त्रातली एखादी गोष्ट समजावून सांगा. मी क्षयरोग घेतला आणि पहिलं भाषण आमच्या ओळीतल्या हळदीकुंकवात ठोकलं. वाण मिळायचं बाकी होतं म्हणून, नाहीतर एकही बाई थांबली नसती.

शेजारच्या खोलीतली मालवणकडची मावशी तिथेच म्हणाली, "गो, तू रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलतेस. कानावर पडतं, आत जात नाही. काहीतरी दाखव."

मावशीला स्वतःला क्षय होता. दोन महिने दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, अंगही जरा भरलं होतं. दाखव म्हणाली ना, मग दाखवतेच. सरांच्या पाया पडून कॉलेजचं सूक्ष्मदर्शक एका रविवारी घरी आणलं, तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन. दवाखान्यातल्या लॅबवाल्याकडून मावशीच्याच थुंकीच्या दोन काचा मागून घेतल्या. एक गोळ्यांआधीची, एक आत्ताची.

आधी मावशीला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग निळ्यावरच्या बारीक लाल काड्या दिसल्या, क्षयाचे जंतू.

"ह्या माझ्यात?"

"तुझ्यात. आता ही दुसरी काच बघ. दिसते एखादी काडी?"

ती बराच वेळ डोळा लावून बसली. "नाय गो. एकपण नाय."

मग सगळ्या ओळीने रांग लावून दोन्ही काचा पाहिल्या. मी अशी मिरवत होते, जणू ते जंतू मीच मारले. गोळ्या अजून बरेच महिने घ्यायच्या आहेत, हे सांगितलं का? सांगितलं. यंत्र पेटीत ठेवता ठेवता, पाठमोरी. अहवालात लिहिलं: श्रोत्यांना विषय पूर्णपणे समजला.

चार महिन्यांनी मावशीचा खोकला भिंतीतून ऐकू यायला लागला. मी गेले तर फडताळात गोळ्यांच्या पुड्या तशाच पडलेल्या.

"मावशी, गोळ्या कधी सोडल्यास?"

"तू दाखवलंस त्याच दिवशी. पोट जळायचं त्या गोळ्यांनी. आणि नाहीत त्यांना मारायचं कशाला?"

"दिसत नव्हते, पण आत थोडे होते गं."

"मग दाखवलंस कशाला?"

मी तिला दवाखान्यात नेलं. पुन्हा गोळ्या, वर रोजचं इंजेक्शन. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, अर्धवट सोडलं की रोग चिवट होतो. मी मान हलवली. हे परीक्षेत लिहून मला चांगले मार्क मिळाले होते.

रोज कॉलेजला जाण्याआधी मी तिच्या उंबऱ्यावर बसायचे, गोळ्या गिळेपर्यंत. भाषण बंद. एकदा पाणी पिऊन तीच म्हणाली, "चौकटीला वाळवी लागली आणि वरून रंग मारला, तर दिसते काय? आतून खातेच. असं सांगायचं होतंस."

"सुचलं नाही."

"शिकलेली ना तू." आणि ती हसायला गेली, तर खोकलाच आला.

गोळ्यांचा उपयोग झाला नाही. फुप्फुसं आधीच गेली होती. गणपतीला गावी जायचं म्हणून तिने ट्रंक भरून ठेवली होती, ती मावशीच्या मागे तिच्या भावाने नेली.

त्यानंतर महिन्याभरातच सरांनी मला अंधेरीला, औद्योगिक वसाहतीमागच्या वस्तीत बोलायला पाठवलं. तुझा प्रयोग झकास झाला होता, यंत्र घेऊन जा, म्हणाले. मी यंत्र नेलं नाही. अंगणवाडीत पंधरावीस बायका बसल्या होत्या. पाठ केलेली सुरुवात तोंडात आली होती, ती गिळली.

म्हटलं, "माझ्या चुकीने माझी शेजारीण गेली."

पुढच्या बाईने पोराला मांडीवर सरकवलं आणि विचारलं, "काय केलंस तू?"

मी उभी होते, ती खाली बसले आणि सांगायला लागले.