उठून उभं राहणारं टेबल

रविवार, ११ जानेवारी, सकाळी साडेनऊ. हजर: मी, नवरा (कळसाडीच्या शेतावरची फेरी दुपारवर ढकलून), सासूबाई (हळदीकुंकवाचं ताट घेऊन) आणि मिस्तरी (ड्रिल मशीन आणि सागाची फळी घेऊन). ठिकाण: शहाद्यातल्या आमच्या घराची पुढची खोली, जिला मी ऑफिस म्हणते आणि बाकी सगळे ‘पुढली खोली’ म्हणतात. काम एकच: दुपारी एकच्या आत टेबल उभं करणं, म्हणजे ते खालीही जाईल आणि वरही जाईल असं करणं.

एक वाजण्याची घाई उगाच नव्हती. एकनंतर मिस्तरी दुसऱ्या कामावर जाणार होते, आणि सोमवारी सकाळी नऊला माझी परीक्षा होती.

गेली सहा वर्षं मी पुण्यातल्या एका आर्किटेक्ट बाईंसाठी घरून ड्रॉइंग्ज काढते. दिवाळीनंतर पाठ धरली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला आणि सांगितलं, एका जागी चाळीस मिनिटांच्या वर बसायचं नाही. मी मोबाईलवर चाळीस मिनिटांचा गजर लावला. पण गजर वाजला की उठायचं, अर्धा-पाऊण तास पलंगावर आडवं व्हायचं, परत बसायचं, यात दिवसाचे जेमतेम चार तास हाती लागत. डिसेंबर संपता संपता मॅडमचा फोन आला. “बारा तारखेपासून पूर्ण आठ तास देता येणार असतील तर आश्रमशाळेचं काम तुमच्याकडेच राहील. नाहीतर इथल्या एकीला देते. मनाला लावून घेऊ नका.”

मी लावून घेतलं. अक्कलकुव्याच्या पुढे डोंगरात ही शाळा होणार आहे. त्या उतारावर मी स्वतः टेप धरून फिरले आहे, पाणी कुठून येतं आणि मुलींच्या वसतिगृहाची खिडकी कुठल्या बाजूला हवी हे मला पाठ आहे. ते काम दुसऱ्या कुणाच्या संगणकावर जाणार, या विचाराने मला जेवण जाईना. त्याच संध्याकाळी वहीचं नवं पान उघडून वर लिहिलं: टेबल.

उभं राहूनही काम करता येईल आणि बसूनही, असं टेबल असतं हे मला माहीत होतं. निवडायचं कसं, ते माहीत नव्हतं. मग मापांपासून सुरुवात केली. मी भिंतीला पाठ लावून, कोपर काटकोनात दुमडून उभी राहिले आणि नवऱ्याने जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला. अडतीस इंच. खुर्चीत बसून, पाय पूर्ण टेकवून तेच माप: चोवीस.

“अजून कुठे मोजायचं आहे?” नवरा म्हणाला. “आलोच आहे तर ब्लाउजचं पण घेऊन टाकतो.”

हे चोवीस फार महत्त्वाचं निघालं. इंटरनेटवरची बरीचशी टेबलं कमीत कमी अठ्ठावीस इंचांपर्यंतच खाली येतात. माझ्यासारख्या पाच फूट एक इंचाच्या बाईचे खांदे त्यावर कानाला लागतील. शिवाय तिथले उंचीचे तक्ते बूट घातलेल्या माणसांचे. आमच्या घरात उंबऱ्याच्या आत चप्पल येत नाही. मी दिवसभर अनवाणी. म्हणजे तक्त्यातून आणखी एक इंच वजा. हे लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी वहीत त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली.

नंदुरबारला फर्निचरच्या दुकानात गेले. दुकान तीन पिढ्यांचं, मूळचं राजस्थानातल्या घराण्याचं. आजूबाजूला सोफे, डायनिंग टेबलं, फिरत्या खुर्च्या, आणि मधोमध शेठ स्वतः पांढऱ्या गादीवर मांडी घालून. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“ताई, उभं राहून काम करायला टेबल कशाला? आमची चार माणसं सकाळपासून उभीच आहेत. त्यांनी कधी मागितलं नाही.”

“त्यांना विचारलंत कधी?”

कोपऱ्यात गाद्या रचणारा माणूस खाली बघून हसला. शेठही हसले आणि म्हणाले, “बसा. सुरतला फोन लावतो.”

त्यांनी खरोखर लावला. अर्धा तास गुजरातीत बोलणं चाललं. मधेच फोनवर हात ठेवून ते मला विचारत आणि मी वहीतून वाचून सांगे: मोटर एक की दोन? दोन, एक असली की डुगडुगतं. खाली किती? चोवीस, एक सूतही वर नको. वजन किती उचलेल? सागाची फळी, दोन स्क्रीन आणि वर टेकणारी मी. शेवटी असं ठरलं की सुरतहून फक्त पाय मागवायचे, मोटर आणि बटणांसकट. वरची फळी इथे करून घ्यायची. शनिवारी पार्सल आलं.

आणि रविवारी मिस्तरी. आमच्या भागात त्यांच्या हाताला तोड नाही. त्यांनी केलेलं कपाट वीस वर्षांनी हलवायचं म्हटलं तर भिंत फोडावी लागते, इतकं पक्कं. पायांचा सांगाडा जोडताना ते प्रत्येक बोल्ट हातात घेऊन वजन बघत होते, चीनचा की आपला म्हणून विचारत होते. साडेअकराला फळी बसली. तेवढ्यात पुण्याहून फोन आला म्हणून मी पंधरा मिनिटं अंगणात गेले.

परत आले तर सासूबाईंनी फळीच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, ताट टेबलावर ठेवलेलं आणि नारळ उंबऱ्यावर फोडून झालेला. “दाब आते बटन,” त्या म्हणाल्या. मी वरचं बटण दाबलं. हलकासा घुं आवाज झाला, टेबल दोन बोटं वर आलं, आणि मग उजवी बाजू वर जात राहिली आणि डावी जागच्या जागी. फळी तिरकी झाली. ताट घसरलं. सासूबाईंनी ते हवेतच पकडलं. भिंतीतून कर्र आवाज आला, प्लास्टरचा तळहाताएवढा तुकडा खाली पडला, टेबलाला हिसका बसला आणि मोटर बंद. बटणांच्या पट्टीवर बिघाडाचा आकडा लुकलुकायला लागला.

“काय केलंत मिस्तरी?”

“काहीच नही वहिनी.” मग जरा थांबून, “दोन क्लॅम्प मारात भीतले. टेबल डुगडुगाले नको म्हणीसन.”

मी फोनवर असताना त्यांनी डावा पाय दोन लोखंडी क्लॅम्पांनी भिंतीला आवळून टाकला होता. तीन इंची स्क्रू. कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांच्या हातून उभं राहिलेलं टेबल सुटं सोडून जाणं त्यांना जमलंच नसतं.

“पंचवीस वरीस झायात टेबलं बनाडी ऱ्हायनू,” ते कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “एक बी असं उठीसन उभं राहिनं नही.”

नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. मला मात्र हसू येत नव्हतं. मोटर जळली असेल तर सुरतहून दुसरी यायला आठवडा, आणि सोमवारचे नऊ एकवीस तासांवर आलेले. मी माहितीपत्रक जमिनीवर पसरून बसले. बारीक इंग्रजीत सातव्या पानावर सापडलं: दोन्ही पाय एका रेषेत नसतील तर खालचं बटण दाबून धरा, टेबल पूर्ण खाली जाऊन किंचित उसळेपर्यंत सोडू नका. मिस्तरींनी क्लॅम्प काढले. मी बटण दाबून धरलं. काही नाही. सासूबाई ताट छातीशी धरून उभ्या. पाच सेकंद, सहा, सात. मग घुं. डावा पाय, उजवा पाय, दोन्ही हळूहळू खाली, अगदी खाली, एक छोटी उसळी, आणि आकडा गेला. मी वरचं बटण दाबलं. टेबल सरळ वर निघालं, पाण्याने भरलेला तांब्या ठेवला असता तरी सांडलं नसतं असं, आणि अडतीसवर मी बोट उचललं.

“व माय,” सासूबाई म्हणाल्या, “हाई तं लिफ्ट शे.”

त्यानंतर अर्धा तास टेबल खालीवर होत राहिलं. मिस्तरींनी दहा वेळा तरी केलं असेल. नवऱ्याने आपली उंची मोजून उंची लक्षात ठेवणाऱ्या तिसऱ्या बटणात भरून ठेवली, जणू तो रोज इथे काम करणार आहे. शेजारच्या दोघी बघून गेल्या.

सोमवारी नऊला मी उभी होते. पायाखाली जुनी गोधडी चौपदरी घालून, कारण लादी गार होती. पहिल्या तासात कळलं की उभं राहणं म्हणजे नुसतं उभं राहणं नाही. गुडघे ताठ ठेवले की पोटऱ्या बोलतात. म्हणून एक पाय विटेवर, मग दुसरा. पाऊण तास उभी, अर्धा तास बसून, परत उभी. अकराला लाइट गेली. टेबल वर असतानाच गेली, म्हणजे येईपर्यंत बसायची सोय नाही. इन्व्हर्टरवर संगणक होता, टेबल नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याने टेबलाची वायरही इन्व्हर्टरच्या बोर्डावर आणली. पण खरं सांगायचं तर मला बसायचंच नव्हतं. वसतिगृहाचा जिना काढताना मी दिवाळीनंतर पहिल्यांदा पाठ विसरले. जिना संपवला, खिडक्या संपवल्या, न्हाणीघरांचा उतार संपवला. साडेपाचला आठ तास भरले. फाईल पाठवली. पाच मिनिटांनी मॅडमचं उत्तर: “मिळालं. छान. उद्या दुसरा मजला.”

मी ओरडलेच. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं टेबल परत तिरकं झालं.

सात वाजता मी कळणाच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरी थापायला घेतल्या. चौथ्या भाकरीला पाठीत कळ आली. तीच, जुनी, कमरेच्या वर डावीकडे. मी परातीवर हात टेकून थांबले. दिवसभर नव्हती ती आता कुठून आली? टेबलाने वाचवलेले आठ तास असे रोज रात्री जाणार असतील तर उद्याचा दुसरा मजला कसा होणार?

सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे.

“तू वाकी ऱ्हायनी,” त्या म्हणाल्या. “रोजच वाकस. हाऊ ओटा तुन्हा मापना नही. मन्हा शे.”

टेप अजून पुढच्या खोलीत पडला होता. आणला. ओटा अठ्ठावीस इंच. घर बांधलं तेव्हा सासूबाईंनी स्वतः उभं राहून गवंड्याला दाखवला होता, कोपराच्या जरा खाली, आणि त्यांची उंची चार फूट आठ. बरोबर बांधला होता. फक्त तेवीस वर्षांपासून त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ भाकरी मी थापते. पुण्याच्या प्रत्येक नकाशात मी ओट्याची उंची स्वतः लिहिते, आणि माझ्या घरच्या ओट्याला कधी टेप लावला नव्हता.

“उंच करी टाक,” सासूबाई म्हणाल्या.

“मग तुमचं काय? पहाटेचा चहा, भाजी?”

“माले चढवी ठेव तुन्हा लिफ्टवर.”

आम्ही दोघी हसलो. पण त्या अजूनही पहाटे पाचला माझ्या आधी उठतात, स्वतःचा चहा स्वतः करतात, आणि तेहतीस इंचांच्या ओट्यावर उकळतं पातेलं त्यांच्या छातीशी येईल. पाट ठेवला तर पाय घसरेल. शेवटी दोघींनी मिळून ठरवलं: गॅस आहे तो अर्धा ओटा त्यांचा, तसाच. खिडकीकडचा अर्धा माझा, पाच इंच वर, तिथे परात आणि दुसरी शेगडी.

मंगळवारी मी दुसरा मजला सुरू केला. बुधवारी संपवला. भाकरी सध्या नवरा थापतो. जाड होतात, पण होतात. मिस्तरींनी येऊन माप घेतलं, या वेळी माझ्यासमोर, आणि भिंतीला काय आवळायचं आणि काय नाही हे दोनदा विचारून गेले. ग्रॅनाइट कापायला माणूस तयार आहे. गॅसची नळी खिडकीकडे न्यायला एजन्सीचा माणूस लागतो. त्याला तीनदा फोन केला. तो अजून आलेला नाही.